पुंजा पेंटरच्या अक्षरातली माणसं

पुंजा पेंटर मोठ्या मनाचा माणूस होता, असं सांगणारे पेठ रोडला अजून बरेच भेटतात. त्यांतला एकही जण त्याच्या अक्षरात सापडलेला नाही. मी सापडले होते. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा आहे आणि दुसरा त्याच्या पोरीचा. ती बोलणार नाही, म्हणून तिच्या वाटचंही मीच बोलते.

मी तृप्ती. चौऱ्याण्णव सालापासून पंधरा वर्षं शालिमारजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर होते. दुकान अमितचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, दहाव्याची पत्रकं, निवडणुका आल्या की हँडबिलं, असलं काम. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठीचे जे फॉन्ट मिळायचे ते सगळे पाठ्यपुस्तकातल्यासारखे सरळ नाकाचे. बारीक मजकुराला ठीक. पण मथळ्याला, बोर्डाला, तमाशाच्या पोस्टरला लांबून नजर खेचेल असं अक्षर त्यात नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, जरा दणदणीत येऊ द्या," आणि मी तेच अक्षर ताणून, जाड करून द्यायचे. अमितला कल्पना सुचली की हातानं काढलेल्या अक्षरांचे फॉन्ट आपणच करावेत आणि गावोगावच्या डीटीपीवाल्यांना विकावेत. अक्षर काढणारा माणूस त्याला पेठ नाक्यावर सापडला, एका जीपच्या मागे उकिडवा बसलेला.

पुंजा मूळचा सुरगाण्याकडचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. लहानपणी आईबापांबरोबर दर वर्षी भातकापणी झाली की द्राक्षाच्या बागांत कामाला खाली उतरायचा, आणि एका वर्षी परत गेलाच नाही. शाळा चौथी. नाक्यावर सुरगाण्याच्या जीपा लागायच्या. त्यांच्या मागच्या काचेवर गावांची नावं, देवांची नावं, ड्रायव्हरच्या पोरांची नावं रंगवता रंगवता त्याचा हात बसला. पुढे एकलहऱ्याच्या रस्त्यावरच्या दुकानांचे बोर्ड, नाशिकरोडच्या सलूनच्या काचा, सगळीकडे त्याचाच ब्रश. हात देवानं दिलेला होता, हे मी मान्य करते. बाकीचा माणूस घडवताना देव घाईत असावा.

कारण त्याची एक रीत होती. दुसरे पेंटर अक्षराला गोल, चौकोनी, सावलीवालं असं म्हणायचे. पुंजाच्या प्रत्येक अक्षराला माणसाचं नाव असायचं, आणि ते माणूस खरंखुरं, रोज समोरून जाणारं असायचं. नाथा म्हणून एक जीपड्रायव्हर होता, पाठीला पोक आलेला, मान पुढे काढून चालणारा. पुंजानं ते पोक बघून पुढे झुकलेलं, मान काढलेलं अक्षर काढलं आणि त्याला नाव दिलं 'नाथा'. गोजराबाई रविवार कारंजावर झेंडू-शेवंती विकायला बसायची, मखमलाबादच्या मळ्यातली, कमरेखाली भरपूर. तिचं अक्षर वरून बारीक, खाली फुगलेलं. गिऱ्हाईक आलं की पुंजा विचारायचा, "नाथा घालू का गोजराबाई?" नाक्यावरच्या लोकांना ह्यात फार मजा वाटायची. नवा बोर्ड लागला की दुकान कशाचं आहे ते वाचायच्या आधी लोक अक्षरातलं माणूस ओळखायचे आणि फिदीफिदी हसायचे.

अमितला हे नावांचं प्रकरण फारच आवडलं. "यार, ह्यातच तर मार्केटिंग आहे," तो म्हणाला. फॉन्टना तशीही बायकांची, फुलांची नावं असायची, त्यामुळे बाहेरच्या गिऱ्हाइकाला काही वेगळं वाटणार नव्हतं. पुंजा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तळहाताएवढं एकेक अक्षर काळ्या पोस्टर कलरनं काढून आणायचा. आधी क ते ज्ञ, मग मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं. मी ते स्कॅन करायचे, माउसनं कडेकडेनं गिरवायचे, एकेक अक्षर कीबोर्डच्या एकेका बटणावर बसवायचे. एका फॉन्टला महिना सहज जायचा. अगदी शेवटी सॉफ्टवेअर नाव विचारायचं. पुंजा माझ्या खुर्चीमागे उभा राहून नाव सांगायचा आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत जागचा हलायचा नाही.

तिसऱ्या फॉन्टच्या वेळी मी विचारलं, "काय टाकू?"

"तुझंच टाक. तृप्ती."

मी पडद्यावरचं अक्षर नीट पाहिलं. माझे वरचे दोन दात ओठांच्या बाहेर येतात, लहानपणापासून. त्या फॉन्टमध्ये प्रत्येक उभा दांडा शिरोरेषा फोडून वर आला होता. महिनाभर मीच माझे दात कडेकडेनं गिरवत बसले होते. अमित टेबलावर डोकं ठेवून हसला. मी पुंजाला तोंडाला येईल ते बोलले, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो शांतपणे म्हणाला, "वाईट काय म्हनलं मी? तुझे दात हायेत म्हनून तर त्याला जीव आला."

हा माणूस कोणाकडे बघायचा तेव्हा त्याला माणूस दिसायचं नाही. कुठं जाड, कुठं बारीक, कुठं वाकलंय, कुठं मोडलंय, एवढंच दिसायचं. समोरच्याला काय वाटेल हा विचार त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नाही. लोक ह्याला भोळेपणा म्हणतात आणि मला त्या लोकांचा संताप येतो. भोळ्या माणसाला दुसऱ्याची दुखरी जागा इतकी नेमकी कशी सापडेल?

गोजराबाईला आधी वाटलं, आपल्या नावाचं अक्षर निघालं म्हणजे आपला मान झाला. तिनं दुकानात येऊन पुंजाच्या गळ्यात शेवंतीचा हार घातला. मग कोणीतरी तिला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती कुजक्या फुलांची पाटी घेऊन आली आणि त्याच्या डोक्यावर उपडी केली. त्यानं डोकं झटकलं आणि कामाला लागला. दोन-तीन वर्षांनी ती वारली. तिच्या मुलानं दहाव्याचं पत्रक आमच्याकडे टाकलं आणि म्हणाला, मथळा आईच्याच फॉन्टमध्ये घ्या. रामकुंडावर दहाव्याला आलेली माणसं पत्रक हातात घेऊन तोंड फिरवून हसत होती. मी तिथं होते.

तर अशा ह्या माणसाला एक मुलगी होती. मनीषा.

दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय आखूड राहिला. चालताना ती डाव्या गुडघ्यावर हात द्यायची आणि अंग एका बाजूला टाकून पुढे यायची. शहाण्णव साली ती नववीत होती. शाळा सुटली की बापाचा रिकामा डबा न्यायला दुकानात यायची आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहायची. बोलायला फटकळ, नजरेची तेज. पायाबद्दल कोणी चकार शब्द काढलेला तिला खपायचा नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं "बिचारी" म्हटलं, तर तिनं हातातला पाण्याचा ग्लास त्याच्या सदऱ्यावर ओतला होता. मला ती फार आवडायची.

त्या वर्षी पुंजानं आणलेले कागद मी दोनदा चाळले. आपल्या बहुतेक अक्षरांना उजवीकडे एक सरळ दांडा असतो, त्याच्या आधारानं अक्षर उभं असतं. पुंजानं तो प्रत्येक दांडा खालून तोडून आखूड केला होता आणि अक्षराचं पोट त्याच्याही खाली आणलं होतं. न, म, प, स, सगळी एका बाजूला अंग टाकून उभी. चार अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की शब्द चालायला लागायचा. खोटं कशाला बोलू, इतकं जिवंत अक्षर मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. म्हणूनच त्याचं नाव विचारायचं मला धाडस झालं नाही.

महिन्याभरानं सॉफ्टवेअरनं नाव विचारलं. मनीषा स्टुलावरच बसली होती.

"मनीषा," पुंजा म्हणाला. बारशाच्या दिवशी बापाचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बाबा, माझं नाव नका देऊ."

"का गं? लय भारी झालंय."

"असू द्या भारी. दुसरं कुणाचं पण द्या. माझं नको."

पुंजा वाकून झ बघत होता. "हां," म्हणाला, "तृप्ती, ह्याची शेपटी जरा आत घे."

"बाबा, मी काय म्हणते?"

"हां हां. लय बारीक नको करू, जरा आत."

मी हात मांडीवर घेऊन बसले. अमितनं माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःच नाव टाइप केलं आणि सेव्हचं बटण दाबलं. मनीषानं डबा उचलला आणि निघाली. दुकानाच्या तीन पायऱ्या उतरताना तिनं गुडघ्यावर हात दिला नाही. दुसऱ्या पायरीवर ती पडली आणि डब्याचं झाकण रस्त्यावर घरंगळत गेलं.

फॉन्ट तुफान चालला. आम्ही विकले त्याच्या शंभरपट लोकांनी चोरून घेतला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, मग सीडीवर, धुळ्याला, नगरला, पुण्याला. कुल्फीच्या गाड्या, गणेश मंडळांच्या कमानी, तमाशाची पोस्टरं, बुवांची प्रवचनं, सगळं मनीषामध्ये. ऑपरेटर एकमेकांना ओरडून सांगायचे, मथळ्याला मनीषा टाक. आणि नाशिकमध्ये तरी ते नाव कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पुंजा भेटेल त्याला सांगायचा, "ती माझी पोरगी हाय. तिच्या पायावरून काढलंय."

शाळेत पोरींनी तिचं नाव 'फॉन्ट' पाडलं. ती वर्गात यायच्या आधी कोणीतरी फळ्यावर तिचं नाव आखूड दांड्यांनी लिहून ठेवायचं. तिनं दहावी रेटली. अकरावीला कॉलेजात नाव घातलं, आणि पहिल्याच गॅदरिंगला स्टेजच्या मागे कापडी बॅनर लागला तो त्याच अक्षरात. बॅनर धरलेल्या पोरानं तिच्याकडे बघून एक पाय दुमडला आणि दोन पावलं चालून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही.

आम्ही नवा कॅटलॉग छापायला घेतला तेव्हा ती पुन्हा दुकानात आली. ह्या वेळी तयारीनं आली होती. अमितला म्हणाली, फॉन्ट तोच राहू द्या, फक्त नाव बदला, मी दुसरी नावं सुचवते. अमित म्हणाला, "अगं, ब्रँड झालाय तो आता. नाव बदललं तर ओळखणार कोण?" मग ती बापाकडे वळली. पुंजा कोपऱ्यात नागलीची भाकरी खात बसला होता.

"बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

पुंजा घास चावत म्हणाला, "सांगू की. तुझ्या नावाचे बोर्ड साऱ्या जिल्ह्यात लागलेत, म्हाईत हाय का? मालेगावला गेल्तो, तिथं बी दिसलं."

"मला नकोय ते. मला लाज वाटते."

"लाजायचं काय त्यात," तो हसून म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

घरी आई सखुबाई. दिवसभर मखमलाबादच्या मळ्यांत निंदणी-खुरपणी करून येणारी, थकलेली. तिचं एकच पालुपद, बापाला उलट बोलू नको. बाप दारू पीत नाही, मारत नाही, घरात आणून देतो, मग तुझं काय दुखतं? आणि खरंच, पुंजानं मनीषावर कधी हात उगारला नाही. जत्रेतून तिच्यासाठी बांगड्या आणायचा. हेच तर सगळ्यात वाईट होतं. मारणाऱ्या बापाबद्दल तक्रार करता येते.

दोन हजार तीन साली तिचं लग्न ठरलं. मुलगा राज, मूळचा पेठकडचा, रेल्वेत लागून इगतपुरीला राहणारा. पायाचं त्यांना आधीच सांगितलं होतं. ते चालेल म्हणाले. मनीषा मनापासून खूश होती, कारण इगतपुरी म्हणजे नवं गाव, नवी माणसं. तिनं बापाकडे लग्नात एकच गोष्ट मागितली. तेव्हा नाशिकमध्ये फ्लेक्सची मशीनं नुकतीच आली होती आणि जो तो दारात फ्लेक्स लावत होता. हळदीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा पुंजा टेप घेऊन मांडवाच्या दाराची रुंदी मोजत होता. मनीषा त्याच्यासमोर हात जोडून उभी होती, अगदी देवापुढे राहावं तशी.

"बाबा, नावं साध्या अक्षरात लावा. त्या अक्षरात नको. तिकडचे लोक येणारेत. मी पाया पडते तुमच्या."

"टेप धर जरा," पुंजा म्हणाला. "आठ फूट बसंल का?"

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दाराला आठ फुटी फ्लेक्स होता. 'मनीषा आणि राज' मनीषामध्ये. ते अक्षर एवढं मोठं मी कधीच पाहिलं नव्हतं. वऱ्हाड आलं, राजचे मित्र खाली थांबले आणि वर बघत राहिले. पुंजा नवा फेटा बांधून तिथंच उभा होता. त्यानं हौसेनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, हा दांडा कसा, तो दांडा कसा, तिचा पाय बघून कसं सुचलं. मित्रांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. वाजंत्री थांबली तरी त्यांचं हसणं थांबेना. मनीषा आत पाटावर बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

इगतपुरीला ती उतरायच्या आधी तिचं नाव पोचलं. रेल्वे क्वार्टर्सच्या चाळीत ती 'फॉन्टवहिनी' झाली. पाहुणे आले की राज तिला मुद्दाम स्वयंपाकघरातून चहा घेऊन यायला सांगायचा आणि ती दारातून बाहेर आली की म्हणायचा, "बघा, हुबेहूब आहे की नाही?" दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात असंच झालं तेव्हा तिनं चहाचा ट्रे त्याच्या मांडीवर सोडून दिला, पिशवी भरली आणि भर पावसात स्टेशनवर आली. पुन्हा तिकडे गेली नाही. सखुबाई डोकं आपटून रडली. पुंजा म्हणाला, माणसं चांगली नव्हती.

मीच अमितला सांगून तिला दुकानात घेतलं. फॉन्ट करायचं काम मी तिला शिकवलं आणि वर्षभरात ती माझ्या पुढे गेली. मनीषाची नवी आवृत्ती तिलाच करावी लागली. दिवसभर ती स्वतःचा पाय माउसनं गिरवायची आणि तोंडातून अक्षर काढायची नाही. कोणी गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, मनीषा आहे का?" तर ती म्हणायची, "आहे." एवढंच.

पुंजाच्या हाताला आता काम उरलं नव्हतं. फ्लेक्सपुढे ब्रश कोण विचारतो? पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. गावभर आपलीच अक्षरं बघत हिंडायचा. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात एका सकाळी नाक्यावर चहाची कपबशी त्याच्या हातातून पडली आणि पाठोपाठ तोही पडला. लकवा. उजवं अंग गेलं. तोंड एका बाजूला ओघळलं. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ह्यांना उजव्या हातात पेन्सिल द्या, काहीतरी गिरवू द्या, थोडाफार फरक पडेल.

मनीषानं पेन्सिल दिली नाही. तिनं काळा पोस्टर कलर आणला, रुंद ब्रश आणला आणि जुन्या कॅलेंडरचे कागद त्याच्या मांडीवर पाटावर ठेवले. त्याची बोटं ब्रशभोवती आवळून म्हणाली, "क काढा." पुंजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रोज कामावर जायच्या आधी ती त्याच्यापाशी बसायची आणि एक अक्षर काढून घ्यायची. क झाला, ख झाला. कधी एका अक्षराला चार दिवस लागायचे. पेठ रोडच्या बायका सखुबाईला म्हणायच्या, नशीब काढलंस, अशी लेक कोणाला मिळते!

ज्ञ झाल्यावर तिनं सगळे कागद दुकानात आणले आणि स्कॅनरचं झाकण उघडलं. मी पहिला कागद पाहिला आणि मला सगळं कळलं. मी माझी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. कोणाला वाटेल की मी तिला थांबवायला हवं होतं. मला तसं आजही वाटत नाही. माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

आम्ही नेहमी हाताची थरथर काढून टाकायचो, कडा गुळगुळीत करायचो. सवयीनं मी एक बिंदू सरकवायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "थरथर ठेवायची," ती म्हणाली. "सगळी." रेघ मध्येच सुटलेली, मध्येच रंगाचा थेंब ओघळलेला, गोलाई बंद होता होता राहिलेली. शिरोरेषा डावीकडे सरळ सुरू व्हायची आणि उजव्या टोकाला खाली लोंबायची. महिन्याभरानं सॉफ्टवेअरनं नाव विचारलं. तिनं टाइप केलं, पुंजा.

अमित म्हणाला, "खतरनाक! हॉररला एकदम फिट." पण पहिलं गिऱ्हाईक आलं ते वेगळंच. लकव्यावर तेल देणारा एक बाहेरगावचा वैदू होता. त्याला पत्रकं हवी होती. मनीषानं त्याला सगळे फॉन्ट दाखवलेच नाहीत, हाच दाखवला. 'लकवा? घाबरू नका' हा मथळा त्या अक्षरात असा बसला की वैदूनं दुप्पट पत्रकं छापली. आठवड्याभरात सगळ्या शहरात विजेच्या खांबांवर ती चिकटली. पेठ नाक्यावर, जीपा लागतात तिथल्या खांबावर तीन एकाखाली एक.

त्या रविवारी दुपारी मनीषा बापाला घेऊन नाक्यावर आली. मला तिनं बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेले, कारण मला बघायचंच होतं. काठी टेकत, पाय ओढत तो आला. तिनं त्याला खांबासमोर उभं केलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग जड जिभेनं म्हणाला, "कुनाचं हे?"

"तुमचं. मी फॉन्ट केलाय. नाव पुंजा."

"वरची रेघ खाली आलीय."

"तुमच्या तोंडासारखी," मनीषा म्हणाली.

पुंजानं डावा हात उचलला, आधी स्वतःच्या ओघळलेल्या गालावरून फिरवला, मग खांबावरच्या अक्षरावरून. दहा वर्षं मनीषानं ह्या घटकेची वाट पाहिली होती. त्याच्या चेहऱ्याची धड असलेली बाजू हळूहळू वर गेली. तो हसत होता.

"लय भारी," तो म्हणाला. "लय भारी झालंय गं. मला असं कवा जमलं नसतं." आणि जीपवाल्यांकडे वळून ओरडला, "ए, हिकडं या! माझं हाय हे! माझ्या पोरीनं काढलं! माझा लकवा हाय हा!"

जीपवाले आले. त्यांनी पत्रक पाहिलं, पुंजाचं तोंड पाहिलं आणि हसायला लागले. पुंजा त्यांच्याबरोबर हसत होता, लाळ पुसत.

मनीषाचा तोल सुटला. "तुम्हाला हसतायत ते!" ती किंचाळली. "कळतंय का तुम्हाला? लोकांनी हसावं म्हणूनच केलंय मी. तुम्ही माझं केलंत तसं. तीनदा सांगितलं होतं मी, नाव काढा, नाव काढा. हात जोडले होते तुमच्यापुढे. संसार गेला माझा त्या अक्षरापायी!"

जीपवाले गप्प झाले आणि एकेक करून बाजूला सरकले. पुंजा तिच्याकडे बघत होता. एखादी हरवलेली वस्तू शोधावी तसा तो मनात काहीतरी शोधत होता, आणि ते त्याला सापडत नव्हतं.

"कवा म्हनलीस तू?" त्यानं विचारलं.

"दुकानात. नाव दिलं त्या दिवशी. मग कॅटलॉगच्या वेळी. मग मांडवात. ही तृप्तीताई साक्षीला आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी त्या माणसाला बारा वर्षं ओळखत होते आणि त्याचा मला मनस्वी राग होता, पण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. तिचं बोलणं त्याच्या कानात कधी गेलंच नव्हतं.

"म्हनली असतीस तर काढलं असतं की," तो म्हणाला. "नाव काय गं, कुनाचं बी चाललं असतं."

मनीषाचा चेहरा मला बघवेना, मी जीपांकडे बघत राहिले. सुरगाण्याची जीप भरली आणि निघून गेली.

"त्यातला एक कागद काढ ना," पुंजा थोड्या वेळानं म्हणाला. "घरी लावू. तुझ्या आईला दाखवू."

खळ अजून ओली होती. तिनं खालचं पत्रक नखानं कोपऱ्यापासून सोडवलं, कुठंही फाटू दिलं नाही. घडी करून त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग त्याचा लुळा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि गुडघ्यावर हात देत त्याला घराकडे न्यायला लागली. तो मधेमधे थांबून खिसा चाचपत होता, आणि ती तो पुढे निघेपर्यंत थांबत होती.